‘खोटं लिहू का, मॅडम?’ : सोळाव्या वर्षाचं ‘माहीत नाही’ समजून घेताना

अकरावीचे वर्ग भरले की मी मुलांकडून एक चिठ्ठी लिहून घ्यायचे. नाव, दहावीचे गुण आणि शेवटी एक ओळ : पुढे काय व्हायचं आहे? चिठ्ठ्या गोळा करायच्या, डॉक्टर, इंजिनिअर, यूपीएससी, आर्मी असे गठ्ठे मनातल्या मनात लावायचे आणि शिकवायला सुरुवात करायची. काही वर्षांपूर्वी एका मुलाने शेवटची ओळ कोरी ठेवली. मी वर्गासमोरच म्हटलं, “अरे, एवढा मोठा झालास, एक ओळ लिहिता येत नाही?” तो उभा राहिला. अंगाने दांडगा, आवाज मात्र बारीक. म्हणाला, “खोटं लिहू का, मॅडम?”

वर्ग हसला. मला रात्री झोप लागली नाही. त्या गठ्ठ्यातली खरी चिठ्ठी कदाचित तेवढी एकच होती, आणि मी तिच्यावरच ओरडले होते.

दिवाळीनंतर तो प्रॅक्टिकलला येईनासा झाला. मग त्याचे वडील भेटायला आले. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फर्स्ट शिफ्ट संपवून थेट, कंपनीचा शर्ट अंगावर तसाच. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. “मॅडम, पोरगं बिघडलंय काय वो? काय बी विचारलं की म्हणतंय, माहीत नाही. क्लासचं पैसं भरून बसलोय. माहीत नाही म्हणून कसं चालंल?”

त्या दिवशी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. नंतर जे वाचलं, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं आणि वर्गात जे पाहिलं, ते त्या वडिलांना सांगायचं राहून गेलं म्हणून इथे लिहिते आहे. त्या मुलानेही वाचलं तर बरं.

आधी मेंदूचं बघू. मुलगा बापाच्या खांद्याला लागला, मुलीला आईची चप्पल बसू लागली, की आपण धरून चालतो, आता सगळं कळायला पाहिजे. मेंदू असा एकदम, एका मापाने वाढत नाही. भीती, मजा, अपमान, मित्रांमधली आपली किंमत हे सगळं जाणवून देणारे आतले भाग वयात येतानाच जोरात कामाला लागतात. कपाळामागचा जो भाग ‘जरा थांब’ म्हणतो, दोन वाटा तोलतो, पाच वर्षांपुढचा हिशेब मांडतो, तो मात्र विशी ओलांडून पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. म्हणजे कोणती शाखा घ्यायची, कोणत्या परीक्षेसाठी दोन वर्षं घालवायची, हे आपण पंधरा-सोळाव्या वर्षी विचारतो. आणि ते ठरवायला जो भाग लागतो त्याचं काम अजून अर्धवट असतं.

यावरून कोणी ‘या वयात अक्कलच नसते’ असा अर्थ काढला तर तो चुकीचा ठरेल. लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर अनेक देशांतल्या मुलांची पाहणी केली. शांतपणे, वेळ घेऊन विचार करायचा असेल तर सोळा वर्षांची मुलं जवळजवळ मोठ्यांइतकाच नीट विचार करतात असं त्यात दिसलं. भावना उसळलेल्या असताना स्वतःला आवरण्याची ताकद मात्र विशीतही वाढतच असते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मुलाची अक्कल त्या क्षणी किती चालेल, हे आपण प्रश्न कधी आणि कुठे विचारतो यावरही ठरतं.

आणि आपण कुठे विचारतो? वास्तुशांतीच्या पंगतीत, वाढपी भात घेऊन उभा असताना. गावच्या यात्रेला जमलेल्या भावकीत, “काय रं, पुढं काय ठरवलंस मग?” निकालाच्या दिवशी दुपारी, शेजारच्या पोरीचे टक्के कळल्यावर. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत हे कळत असताना मूल जे बोलतं, ते उत्तर बहुतेक वेळा सुटका करून घेण्यासाठी दिलेलं असतं. एक तर ‘डॉक्टर’, नाही तर ‘माहीत नाही’. दोन्हींनी विचारणारा गप्प होतो.

झोपेचंही इथेच सांगते, कारण ‘आळशी’ हा शिक्का बहुतेक वेळा तिथूनच बसतो. वयात आल्यावर शरीराचं घड्याळच साधारण दोन तासांपर्यंत पुढे सरकतं. रात्री अकराच्या आधी झोप येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे साडेपाचला उठून राजारामपुरीतला क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास आणि रात्री टेस्ट सिरीज हे करणारं मूल सहा तास झोपतं. तेवढ्या झोपेवर भविष्याचा विचार आपल्यालाही जमणार नाही.

आता त्या ‘माहीत नाही’कडे येऊ. ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने रूढ केला. मी कोण, माझं काय होणार, माणसांत माझी जागा कुठली, हे शोधणं हेच किशोरवयाचं मुख्य काम आहे, असं त्याचं म्हणणं. हे काम आहे म्हटल्यावर त्याला वेळ लागणारच, म्हणून समाजाने या वयाला थोडी मुदत द्यायला हवी. कर्जदाराला बँक हप्त्यात सवलतीचा काळ देते त्याला जो इंग्रजी शब्द आहे, ‘मोरेटोरियम’, तोच त्याने इथे वापरला. त्याचं स्वतःचं आयुष्य मला फार बोलकं वाटतं. १९०२ साली जन्मलेला हा माणूस तरुणपणी चित्रकार व्हायचं म्हणून युरोपभर भटकला. पंचविसाव्या वर्षी व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत शिकवायला गेला, तिथून मनोविश्लेषणाकडे वळला. विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही. पंचविशीपर्यंत त्यालाही माहीत नव्हतं.

पुढे १९६६ साली जेम्स मार्शिया याने तरुणांच्या मुलाखती घेऊन हाच विचार आणखी बारकाईने मांडला. त्याने दोनच गोष्टी विचारात घेतल्या : या मुलाने शोधाशोध केली आहे का, आणि त्याचं काही पक्कं ठरलं आहे का? त्यातून चार अवस्था निघतात. त्या समजल्या की वर्गातली मुलं वेगळीच दिसायला लागतात.

एक मूल असतं ज्याचं ठरलेलं आहे, पण शोध घेतलेलाच नाही. आजोबांची ओतकामाची फौंड्री, वडिलांची फौंड्री, म्हणून हा मेकॅनिकलला जाणार. आई-वडील डॉक्टर, वर हॉस्पिटलचा तिसरा मजला बांधून तयार, म्हणून ही एमबीबीएस करणार. अशा मुलांच्या चिठ्ठ्या सुवाच्य असतात, शिक्षकांनाही ती आवडतात. त्यातल्या काहींना ते काम खरंच मानवतं. पण काहींचा प्रश्न सुटलेला नसतो, फक्त पुढे ढकललेला असतो आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला किंवा तिशीत तो पुन्हा समोर येतो. तेव्हा आई-वडील चक्रावून जातात, कारण ‘याने कधी त्रासच दिला नव्हता’.

दुसरं मूल शोधतंय, ठरलेलं काही नाही. आज फुटबॉल, उद्या यूट्यूब, परवा कायद्याचा अभ्यास. शिवाजी पेठेतल्या एका मुलाने मला एका वर्षात पाच वेगवेगळे बेत सांगितले आणि दर वेळी तो मनापासून बोलत होता. घरच्यांना हे धरसोड वाटतं. एरिक्सनची मुदत ती हीच. बाहेरून सगळ्यात गोंधळाचं दिसणारं हे मूल खरं तर काम करत असतं. काळजी, चिडचिड, वाद याच अवस्थेत जास्त असतात, कारण शोधणं त्रासाचंच असतं.

तिसरं मूल शोधतही नाही आणि ठरवतही नाही. काहींच्या बाबतीत ती नुसती वेळ न आल्याची गोष्ट असते, पुढे आपोआप पालवी फुटते. काहींच्या बाबतीत त्यामागे थकवा असतो, सारखं हरल्याची भावना असते किंवा घरातलं काही दुखणं असतं. चौथ्या अवस्थेत शोधून, पारखून, स्वतःचं म्हणून काही ठरतं. ती बहुतेकांना कॉलेज संपताना किंवा त्याहूनही पुढे लाभते. अकरावीच्या जुलैत ती मागणं म्हणजे जूनमध्ये पेरलेल्या भाताला त्याच महिन्यात लोंबी मागणं.

माझ्या वर्गातला तो मुलगा दुसऱ्या अवस्थेत होता की तिसऱ्या, हे मी त्या वेळी विचारलंच नाही. दोघंही ‘माहीत नाही’च म्हणतात. ऐकणाऱ्याने तिथे थांबून, एकट्याला गाठून, पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

मोठ्यांच्या अपेक्षांविषयी मात्र मला घाईने बोलायचं नाही. मुलांच्या बाजूने लिहिताना आई-बापांना खलनायक करणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्या वडिलांनी वीस वर्षं मशिनसमोर उभं राहून काढली होती. उसाच्या शेतीचे भावाभावांत तुकडे होऊन वाट्याला वीस गुंठे आले की माणूस मुलाच्या शिक्षणाकडे कसा बघतो, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. ‘माझ्यासारखे दिवस त्याला नकोत’ हे वाक्य प्रेमाचंच आहे. अडचण अशी की ते मुलापर्यंत पोचताना बदलतं. बाप म्हणतो, ‘तुझं भलं व्हावं.’ मुलाला ऐकू येतं, ‘तू आता आहेस तसा पुरेसा नाहीस.’

जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात साडेतीन हजारांच्या आसपास शाळकरी मुलांचा काही वर्षं अभ्यास झाला. आई-वडील मुलाकडून ‘व्हावं’ असं जे इच्छितात आणि ‘होईल’ असं त्यांना प्रामाणिकपणे जे वाटतं, त्यात इच्छा फार पुढे गेली की मुलांचे गणितातले गुण वाढण्याऐवजी घसरताना दिसले. इच्छा असणं वाईट नव्हतं. वास्तवाच्या आवाक्यातली इच्छा मुलांना उपयोगी पडत होती. आवाक्याबाहेर ताणलेली नडत होती.

आवाका म्हणजे काय, तेही आकड्यांत बघू. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला २३ लाखांवर मुलं बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या साधारण १ लाख ८ हजार. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात जेमतेम तीन जागा, त्याही सरकारी आणि खासगी मिळून. उरलेली सत्तावन्न मुलं काही नालायक नसतात. पण दोन वर्षं घरात, क्लासमध्ये, फ्लेक्सवर फक्त एकच शब्द ऐकलेल्या मुलाला निकालाच्या दिवशी हे कोणी सांगितलं तर पटत नाही. ते आधी सांगावं लागतं, आणि आई-वडिलांनीच सांगावं लागतं.

आणखी एक अभ्यास मला पालकसभेत सांगायला आवडतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांना त्यांच्या आवडी, स्वभाव, मूल्यं यांबद्दल विचारलं. बहुतेकांनी मान्य केलं की गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो. आणि त्याच लोकांना वाटत होतं की पुढच्या दहा वर्षांत आपण फारसे बदलणार नाही. प्रत्येक वयातल्या माणसाला असंच वाटत होतं. स्वतःच्या पुढच्या दहा वर्षांचा अंदाज आपल्याला येत नाही, तर पोराच्या चाळीस वर्षांचा आपण कशाच्या जोरावर छातीठोकपणे सांगतो?

कोल्हापुरात बसून या विषयावर लिहिताना मला शाहू महाराज आठवतात. तेही एकेकाळी पोरवयाचे होते, हे आपण विसरतो. कागलच्या घाटग्यांच्या घरातला यशवंतराव नावाचा मुलगा, आई लहानपणीच गेलेली. १७ मार्च १८८४ रोजी, वयाची दहा वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, त्याला करवीरच्या गादीवर दत्तक घेतलं. दोन वर्षांत वडीलही वारले. तुला काय व्हायचंय, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. मार्शियाच्या भाषेत सगळं आधीच ठरलेलं. एवढं असूनही राज्यकारभार त्यांच्या हाती आला तो २ एप्रिल १८९४ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी. मधल्या काळात राजकोट, मग धारवाड. शिकणं, फिरणं, माणसं बघणं. तोवर कारभार दुसऱ्यांनी सांभाळला. राजा व्हायचं हे इतरांनी ठरवलं होतं. कसला राजा व्हायचं, हे मात्र त्यांनी स्वतः ठरवलं. १९०२ सालचा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम त्यांना कोणी दत्तकविधानात लिहून दिलेला नव्हता. एका संस्थानाला दहा वर्षं थांबता आलं. आपल्याला बारावीनंतरचं एक वर्ष ‘वाया गेलं’ म्हणून सहन होत नाही.

‘वाया’ या शब्दामागची भीती अशी असते की एक दार चुकलं की सगळं संपलं. आपल्याकडची व्यवस्था तशी नाही, पण तिची माहिती घराघरांत पोचत नाही. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून पदवी इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय करून डिप्लोमाकडे वळता येतं. सायन्सने बारावी केलेल्याला कला, वाणिज्य, कायदा, सगळं खुलं असतं. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. काही दारं अवघड होतात हेही खरं : गणित किंवा जीवशास्त्र सोडताना दोनदा विचार करावा, कारण परत येणं कष्टाचं असतं. कला शाखेतून सायन्सकडे येणं त्याहून कष्टाचं. जिथे परतीची वाट अरुंद आहे तिथे जपून पाऊल टाकायचं, बाकी ठिकाणी निवांत. मुलांना हा फरक कोणी नकाशा काढून दाखवत नाही, म्हणून त्यांना प्रत्येक पाऊल कड्यावरचं वाटतं.

आता जे सांगायचं आहे ते नीट वाचा. साधी अनिश्चितता आणि आजार यांत फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार १० ते १९ वयातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो, म्हणजे मोठ्या वर्गात अशी सात-आठ मुलं असू शकतात. शोधात असलेलं मूल वैतागलेलं असलं तरी त्याला काहीतरी आवडत असतं. मॅच बघतं, मित्राच्या गाडीवर रंकाळ्याला जातं, आईशी भांडतं. दोन आठवडे किंवा अधिक काळ आवडीचंही काही नकोसं झालं, झोप आणि भूक बिघडली, मित्र तुटले, अंघोळीचाही कंटाळा येऊ लागला, ‘मी नसलो तर बरं’ अशा अर्थाचं बोलणं आलं किंवा स्वतःच्या जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकल्या, तर ‘वय आहे, जाईल’ म्हणू नका. सरळ विचारा, “बाळा, जीव द्यावासा वाटतो का तुला कधी?” असं विचारल्याने तो विचार मनात भरवला जातो, ही भीती चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. मुलं स्वतःही फोन करू शकतात. वाचणारा जर सोळा वर्षांचा असेल आणि त्याला हे स्वतःबद्दल वाटत असेल, तर त्याने हा लेख इथेच ठेवून आधी तो नंबर लावावा.

घरी काय करता येईल, यावर माझं मत छोटं आहे. मुलाला दोन महिने यशोगाथा सांगणं बंद करा. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पदक जिंकणाऱ्या राधानगरी तालुक्यातल्या नेमबाजाचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे, पण घाबरलेल्या मुलाला ती गोष्ट ‘बघ, त्याला जमलं’ अशीच ऐकू येते. त्याऐवजी स्वतः सतराव्या वर्षी काय घोळ घातला होता ते सांगा, त्याचा धडा न काढता. बोलायचं असेल तर समोरासमोर बसवून नको. गाडीवरून जाताना, जनावरांना वैरण टाकताना, भांडी पुसताना बोला, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि ‘काय व्हायचंय’ याऐवजी काहीतरी करून बघायला द्या. ओळखीच्या वकिलाच्या टेबलाजवळ दोन दिवस, हुपरीच्या चांदीकामात एक सुट्टी, उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमध्ये चार दुपारी. आवडलं नाही तरी एक गोष्ट कळते.

त्या मुलाचं पुढे काय झालं, असं लोक मला विचारतात. तो विशीत आहे, त्याचं अजून चाललंय. एवढंच सांगेन.

चिठ्ठ्या मी अजूनही लिहून घेते. शेवटची ओळ बदलली आहे : या महिन्यात काय करून बघितलंस? यंदाच्या गठ्ठ्यातली एक चिठ्ठी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. “मामांच्या फौंड्रीत दोन दिवस गेलो. भट्टीजवळ उभं राहवत नाही, डोकं दुखतं. पण तिथं एक काका लाकडाचं पॅटर्न करतात. त्यांच्याकडं बसून राहिलो. जेवायची सुट्टी झालेली कळली नाही.”